शिकार, वन्यजीवसंरक्षण व शस्त्रपरवाना

वन्य प्राण्याचा माग काढून त्यास मारणे किंवा जिवंत पकडणे या क्रियेस शिकार वा मृगया म्हणतात. मराठीत तीस पारध असाही शब्द रूढ असून ज्याची शिकार करावयाची त्या प्राण्यास सावज म्हणतात. अन्न मिळविणे, पिके व गुरे राखणे, करमणूक आणि व्यापार ही शिकारीची प्रमुख प्रयोजने होत. भारतातील वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील शिकारीची व्याख्या याहून व्यापक आहे. प्राण्यास विष घालणे, फासात वा सापळ्यात अडकविणे, त्या हेतूने त्यास हुसकावणे, तसेच पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे या कृतीही तीत मोडतात. महाराष्ट्रातील शिकारीचा इतिहास दोन प्रश्नांशी निगडित आहे : रानातील प्राण्यांवर हक्क कोणाचा आणि बंदूक कोणी बाळगावी. या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या कायद्यांनी दिली असली, तरी त्यांचे परिणाम एकाच शेतकऱ्याच्या वा एकाच पारध्याच्या जीवनात एकत्र आलेले दिसतात.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : राजांची मृगया हे पराक्रमाचे व ऐश्वर्याचे लक्षण मानले जाई. तिच्याविषयीच्या भिन्न मताचा एक प्राचीन पुरावा महाराष्ट्रातच सापडला आहे. पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे मृगयादी करमणुकींसाठी विहारयात्रा करीत, त्यांऐवजी आपण धर्मयात्रा सुरू केल्या, असा या लेखाचा आशय आहे. तथापि राजदरबारांतील मृगयेची परंपरा त्यानंतरही चालू राहिली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगया, ससाण्याकडून करविलेली पक्ष्यांची शिकार आणि मासेमारी यांचे तपशीलवार वर्णन आहे. पेशवाईत पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता आणि तेथे वन्य प्राणी पाळले जात. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याची प्रथा विसाव्या शतकातही टिकून होती. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीतून कळपाजवळ नेत व झापड काढून त्यास सावजावर सोडत. भारतातील चित्ते दुर्मिळ झाल्यावर या संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते आणविले. १९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या राजाने मारलेले तीन चित्ते हे भारतातील अखेरचे चित्ते मानले जातात. १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे २०२२ मध्ये आफ्रिकेतून चित्ते आणून ते मध्य प्रदेशातील कूनो येथे सोडण्यात आले.

लोकसमूहांची पारध : राजे व सरदार यांच्या शिकारीस साहित्यात व चित्रकलेत स्थान मिळाले, पण अन्नासाठी होणारी पारध संख्येने कितीतरी अधिक होती. सह्याद्रीच्या पट्ट्यातील कातकरी, महादेव कोळी, ठाकर इ. जमातींत ससे, घोरपडी, रानडुकरे व पक्षी यांची शिकार हा उदरनिर्वाहाचा भाग होता. गावकऱ्यांची सामूहिक पारधही चाले. काही जण हाकारे घालून रान उठवीत, तर काही जण मोक्याच्या वाटांवर जाळी लावून, कुत्री घेऊन वा ठासणीची बंदूक रोखून बसत. मिळालेल्या मांसाचे वाटे रूढीने ठरलेले असत.

फासेपारधी या जमातीचे नावच तिच्या साधनावरून पडले आहे. दोरीचे किंवा तातीचे फास जमिनीवर मांडून हरणे, ससे, तित्तिर व लावे पकडण्यात हे लोक निष्णात असत. शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने सावजाजवळ जाणे व पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून त्यांना बोलाविणे, ही त्यांची वैशिष्ट्ये होत. ब्रिटिश अमदानीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने सुरू झालेल्या व्यवस्थेत पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. हा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. परंतु वीस वर्षांनी आलेल्या वन्यजीव अधिनियमाने त्यांचा परंपरागत व्यवसायच गुन्हा ठरला. हौशी शिकाऱ्याला या कायद्याने एका छंदाचा त्याग करावा लागला, पारध्याला मात्र उपजीविका गमवावी लागली. या फरकाची पुरेशी दखल पुनर्वसनाच्या योजनांत घेतली गेली नाही. अलीकडे अकोला व वाशीम या जिल्ह्यांतील काही फासेपारधी वस्त्यांनी गवताळ माळ राखण्याचे व तेथील तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्यांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले आहे. पक्ष्यांच्या सवयींचे त्यांचे पिढीजात ज्ञान येथे संरक्षणाच्या उपयोगी पडले आहे.

शिकारी मंडळे व संरक्षणाचा उदय : बंदुकीचा प्रसार, जंगलतोड आणि रेल्वे व रस्ते यांमुळे सुलभ झालेला प्रवास यांचा परिणाम होऊन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकारीचे प्राणी झपाट्याने कमी झाले. ही घट प्रथम जाणवली, ती स्वतः शिकाऱ्यांनाच. त्यांनी आपसांत मंडळे स्थापून नियम केले. घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मंडळांत डुकरावर गोळी झाडणे निषिद्ध असे आणि मादी वर्ज्य मानली जाई. निलगिरी पर्वतात १८७७ मध्ये शिकारी प्राण्यांच्या रक्षणासाठी एक संघ स्थापन झाला आणि १८७९ मध्ये मद्रास इलाख्याने त्यासंबंधी कायदा केला. परवाना, बंद हंगाम, मादी व पिले यांना अभय आणि मारावयाच्या प्राण्यांची मर्यादा ही पुढील सर्व कायद्यांतील तत्त्वे अशा मंडळांच्या नियमांत आधी आढळतात. अमेरिकेत या विचारास आणखी एक दिशा मिळाली. तेथील १९३७ च्या कायद्यान्वये शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवसंवर्धनासाठी राखून ठेवण्यात आले. भारतात शिकार व संवर्धन यांची अशी आर्थिक सांगड घातली गेली नाही.

या मंडळांच्या दृष्टीस मर्यादाही होत्या. वन्य प्राणी हे आपल्या खेळासाठी राखून ठेवलेले धन आहे, अशी त्यांची धारणा असे. त्यामुळे फास व जाळी लावणारा स्थानिक पारधी त्यांच्या लेखी चोर ठरे, तर परवाना घेऊन रायफलीने वाघ मारणारा साहेब वा संस्थानिक सभ्य खिलाडू गणला जाई.

मुंबई येथे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेच्या वाटचालीत शिकारीकडून निरीक्षणाकडे झालेले संक्रमण स्पष्ट दिसते. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. १८८६ पासून निघणाऱ्या संस्थेच्या नियतकालिकात प्रारंभीच्या काळी शिकारीचे अनुभव आणि प्राणिशास्त्रीय टिपणे शेजारी शेजारी प्रसिद्ध होत. सलीम अली (१८९६–१९८७) यांचा या संस्थेशी संबंध लहानपणी हवेच्या बंदुकीने मारलेल्या एका पक्ष्यामुळेच आला. कंठावर पिवळा डाग असलेली ती चिमणी कोणत्या जातीची, हे जाणून घेण्यासाठी ते संस्थेत गेले आणि तेथील संग्रह पाहून पक्षिशास्त्राकडे वळले. मराठी साहित्यातही हे संक्रमण आढळते. तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे वन्यजीवनाचे चित्रण करणारे लेखक म्हणून मान्यता पावले, तर वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी अरण्यविद्या मराठी वाचकांच्या परिचयाची केली.

शस्त्रविषयक कायदे : १८५७ च्या उठावानंतर भारतीय प्रजेस निःशस्त्र करण्याचे धोरण ब्रिटिश शासनाने अवलंबिले. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत संमत झालेला १८७८ चा शस्त्र अधिनियम हा त्या धोरणाचा मुख्य आधार होय. या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले. मात्र यूरोपीयांना नियमांद्वारे सूट दिली. या भेदामुळे शस्त्रपरवाना हा राष्ट्रीय अस्मितेचा प्रश्न बनला. भारतीय राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल करण्याची मागणी केली, तर १९३१ मध्ये मूलभूत हक्कांविषयीच्या तिच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात मात्र निराळा निर्णय झाला. संविधानसभेत १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी हा हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीस विरोध केला आणि ती फेटाळली गेली. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, तेही शांततेने व विनाशस्त्र. अशा रीतीने भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेली सवलत आहे. अमेरिकेच्या संविधानातील दुसऱ्या दुरुस्तीने नागरिकांना दिलेल्या हक्काशी तिची तुलना करता येत नाही. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात विशिष्ट समाजांना परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची ब्रिटिश काळापासून चालत आलेली सूट, हा याला अपवाद होय.

शस्त्र अधिनियम, १९५९ याने १८७८ चा कायदा रद्द केला. या अधिनियमात परवाना देण्याच्या दृष्टीने दोन प्रकारच्या बंदुकांना वेगळे स्थान आहे. स्वसंरक्षण किंवा खेळ यांसाठी किमान २० इंच लांबीच्या नळीची छर्ऱ्याची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, हा त्यांतील एक वर्ग होय. दुसरा वर्ग केंद्र शासनाने मान्य केलेल्या रायफल मंडळाच्या सदस्यांनी नेमबाजीच्या सरावासाठी वापरावयाच्या शस्त्रांचा आहे. इतर शस्त्रांच्या बाबतीत अर्जदारास योग्य कारण दाखवावे लागते. एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या १९८३ च्या दुरुस्तीने तीन व २०१९ च्या दुरुस्तीने दोन अशी ठरली. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांस आपली शस्त्रे बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात.

वन्यजीवविषयक कायदे : १८८७ व १९१२ या वर्षींच्या केंद्रीय कायद्यांनी पक्षी व काही प्राणी यांना हंगामी संरक्षण दिले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र अधिनियम केला आणि शिकार परवानापद्धतीखाली आणली. ताडोबा येथे १९३५ मध्ये शिकारबंदी झाली व १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान असलेले दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील हे पहिले अभयारण्य मानले जाते. संस्थानिकांच्या राखीव शिकारक्षेत्रांचे अभयारण्यांत रूपांतर झाल्याची अशी उदाहरणे भारतात इतरत्रही आहेत.

१९७२ मध्ये झालेल्या गणनेत देशात १,८२७ वाघ आढळले. त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पास प्रारंभ झाला. या प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाचा समावेश होता. मूळ अधिनियमात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाना देण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली आणि खेळ म्हणून होणाऱ्या शिकारीस भारतात कायदेशीर स्थान उरले नाही. २०२२ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रातील वाघांची संख्या ४४४ आहे.

या अधिनियमाच्या चौतिसाव्या कलमात शस्त्रपरवाना व वन्यजीवसंरक्षण यांची थेट सांगड आहे. अभयारण्यात किंवा त्यापासून १० किमी. अंतरात राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकास वन्यजीव विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि या पट्ट्यात नवा परवाना द्यावयाचा झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते.

पीकसंरक्षणाचा प्रश्न : अधिनियमाच्या अकराव्या कलमात दोन भिन्न निकष आहेत. वाघ, बिबट्या, गवा इ. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरला किंवा असाध्य रोगाने वा अपंगत्वाने ग्रस्त असला, तरच त्यास मारण्याची अनुज्ञा देता येते आणि तीही त्यास पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्य नसेल तेव्हाच. रानडुक्कर, नीलगाय (रोही) यांसारख्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत उभ्या पिकासह मालमत्तेचा धोका हेही पुरेसे कारण ठरते. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌भावनेने प्राणी मारल्यास तो गुन्हा होत नाही. मात्र अशा रीतीने मारलेला प्राणी शासनाच्या मालकीचा असतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व नीलगाय यांबाबत अनुज्ञा देण्याची पद्धत सोपी करून तिचे अधिकार स्थानिक वनाधिकाऱ्यांकडे दिले.

असे असूनही या तरतुदींचा उपयोग मर्यादित राहतो. कळप रात्री येतो, पिकाची नासाडी तासाभरात होते आणि अनुज्ञेचा अर्ज त्यानंतर करावा लागतो. अनुज्ञा मिळाली, तरी बंदूक व ती चालविणारा कुशल माणूस गावात असतोच असे नाही. पूर्वीच्या पारधीत गावकऱ्यांस मांसाचा वाटा मिळे. आता ती प्रेरणाही राहिलेली नाही. या पोकळीत बेकायदेशीर आणि अधिक घातक उपाय शिरतात. कुंपणाच्या तारेत वीजप्रवाह सोडणे व आमिषात स्फोटक गोळा लपविणे हे त्यांतील प्रमुख होत. विजेच्या तारेने रानडुकराप्रमाणेच वाघ, गुरे व माणसेही मरतात. कायदेशीर बंदुकीचा वापर दुर्मिळ झाल्याने प्राण्यांचे मरण थांबले नाही. ते अधिक अंधाधुंद झाले, ही गोष्ट संरक्षणाच्या समर्थकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात या प्रश्नाची दोन्ही टोके दिसतात. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर दाट वने व भातखाचरे असून तेथे २०१३ मध्ये ताम्हिणी अभयारण्य घोषित झाले. त्याभोवतालच्या गावांना वर सांगितलेले नोंदणीचे बंधन लागू होते. पूर्वेकडील लवळे, नांदे, सूस ही डोंगरउतारावरील गावे पुणे शहराच्या विस्ताराच्या कक्षेत आली आहेत. लवळे येथे टेकडीवर विद्यापीठाचे आवार असून परिसरात निवासी वसाहती वाढल्या आहेत. अशा गावांत शेत, झुडपी रान व वस्ती एकमेकांस चिकटलेली असतात. साध्या ०.२२ रायफलीची गोळीही दीड किलोमीटरहून दूर जाऊ शकते. त्यामुळे पिकात शिरलेल्या डुकरावर रोखलेली बंदूक शेजारच्या वस्तीस धोकादायक ठरू शकते. कायद्यातील पीकसंरक्षणाची बंदूक विरळ वस्तीचे खेडे गृहीत धरते. लवळ्यासारख्या ठिकाणी हे गृहीतच लोप पावत आहे. तेथे मजबूत कुंपण, सामूहिक राखण आणि वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई हेच व्यवहार्य उपाय उरतात.

मनुष्यहानीच्या प्रसंगी हा वाद अधिक तीव्र होतो. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात १३ माणसांच्या मृत्यूस कारण मानली गेलेली टी-१ ही वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घालून मारण्यात आली. ती मारणे आवश्यक होते काय, त्यासाठी खासगी शिकाऱ्यास पाचारण करावे काय आणि विहित कार्यपद्धती पाळली गेली काय, यांविषयी देशभर चर्चा झाली. गावकऱ्यांना भयमुक्तता हवी होती, तर संरक्षणवाद्यांना कायद्याचे काटेकोर पालन. या दोन्ही अपेक्षा रास्त होत्या आणि त्यांची पूर्ती करण्याची जबाबदारी एकाच वनखात्यावर होती.

नेमबाजी : शिकारबंदीनंतर बंदुकीच्या कौशल्यास नेमबाजी या क्रीडाप्रकारात वाव मिळाला. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघाचे पहिले अध्यक्ष, लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरविली जाते. मान्यताप्राप्त मंडळाच्या सदस्याला सरावासाठी ०.२२ रायफल वा हवाई रायफल वापरताना १९८३ च्या दुरुस्तीने शस्त्रसंख्येच्या मर्यादेतून सूट दिली. लवळ्यापासून जवळच असलेल्या म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलात नेमबाजीचे अद्ययावत केंद्र आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० मधील जागतिक विजेत्या तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांनी या क्रीडेत महाराष्ट्राचे नाव केले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. ज्या तालुक्यात छत्रपतींचे शिकारीचे रान होते, तेथील नेमबाजाने कागदी व इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर नाव मिळवावे, यात शिकारीच्या परंपरेचे झालेले रूपांतर दिसून येते.

मूल्यमापन : शिकारबंदीने महाराष्ट्रातील वाघ, गवा, काळवीट इ. प्राण्यांस जीवदान दिले, हे निर्विवाद आहे. शस्त्रपरवान्याच्या कडक नियमनामुळे अग्निशस्त्रांचा प्रसारही मर्यादित राहिला. तथापि या दोन्ही धोरणांचा भार समाजाच्या सर्व थरांवर सारखा पडलेला नाही. वन्य प्राणी ही राष्ट्राची संपत्ती ठरली, पण तिचे राखणे रानालगतच्या शेतकऱ्याच्या पिकावर व पारध्याच्या उपजीविकेवर अवलंबून राहिले. शिकारीची परवानगी अथवा बंदुकांचे अधिक परवाने यांनी हा असमतोल दूर होईल, असे मानण्यास आधार नाही. नुकसानीची तत्पर व पुरेशी भरपाई, प्राण्यांच्या नियंत्रणासाठी प्रशिक्षित व उत्तरदायी पथके, तसेच स्थानिक लोकांच्या अनुभवास संरक्षणाच्या योजनांत स्थान, या मार्गांनीच वन्यजीव आणि त्यांच्या शेजारी राहणारी माणसे या दोहोंचे हित साधणे शक्य आहे.